‘माझी फाइल गेली का?’ : एका कमांड लाइन साधनाचे इशारे नव्याने लिहिताना

जुन्या फाँटांत टंकलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, आणणाऱ्या एका मुक्त साधनाचे इशारे सुधारण्याचे काम मी जून २०२३ मध्ये हाती घेतले आणि जून २०२४ मध्ये निघालेल्या आवृत्तीत ते लोकांच्या हाती गेले. रूपांतराच्या मूळ संकेतात (कोडमध्ये) या वर्षभरात जवळजवळ काहीच बदलले नाही. बदलली ती फक्त साधनाची बोलण्याची रीत, आणि तेवढ्यासाठी प्रस्ताव, बैठका, परवानग्या, चाचण्या आणि बरीच वाट पाहणे एवढे सगळे करावे लागले. असे काम दुसऱ्या एखाद्या साधनासाठी करू पाहणाऱ्याला पुढे काय काय येते याची कल्पना असावी, म्हणून घडले त्याच क्रमाने लिहीत आहे.

आधी साधनाविषयी थोडे सांगायला हवे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठीतले छपाईचे पुष्कळ काम श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींवर झाले. त्या काळच्या फाँटांत अक्षर म्हणून अक्षर साठवले जात नसे. इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. तो फाँट संगणकावर असेपर्यंत मजकूर उत्तम दिसतो, आणि तो नसला की इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांची अर्थहीन सरमिसळ उरते. शिवाय साठवणुकीचा क्रम दिसण्याचा असतो: ‘कि’मधली वेलांटी आधी येते आणि क नंतर, तर ‘र्क’मधला रफार क च्या नंतर येतो. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम याच्या उलट आहे. आमचे साधन फाइल आणि फाँटाचे नाव घेते, हा सगळा क्रम लावते आणि शोधता येईल, निवडता येईल असा मजकूर देते. ते चालवणाऱ्यांत प्रोग्रॅमर कमीच आहेत. जुन्या दिवाळी अंकांच्या फाइली जतन करणारी वाचनालये, डीटीपीचे काम करणारी मंडळी, स्थानिक इतिहासावर लिहिणारे निवृत्त शिक्षक असा आमचा वापरकर्ता आहे. काळ्या खिडकीत एक ओळ टंकायची आणि एंटर दाबायचे एवढेच त्यांना कोणीतरी शिकवलेले असते.

जूनमध्ये मी शंकांना उत्तरे देण्याची जबाबदारी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. विचारणारी माणसे वेगवेगळी असली तरी प्रश्न बहुधा एकच असे. ‘मॅडम, पिवळ्या अक्षरांत काहीतरी भरभर आलं आणि थांबलं. माझी फाइल गेली का?’ फाइल कधीच गेलेली नसे. साधन मूळ फाइलीला हातही लावत नाही, नवी फाइल वेगळी लिहिते. पण हे साधनाने कुठेही सांगितलेले नव्हते, आणि इशारा वाचून घाबरलेल्या माणसाला ते आपोआप कळण्याचा काही मार्गही नव्हता.

या टप्प्यावर उपयोगी पडलेली एक गोष्ट सांगते. इशाऱ्यात काय लिहिले होते असे विचारले तर लोक आपल्या शब्दांत सांगतात आणि नेमका तपशील त्यातून गळून जातो. त्याऐवजी मोबाइलने पडद्याचा फोटो काढून पाठवायला सांगावे. मात्र त्या पडद्यावर बहुतेक वेळा कोणाचा तरी अप्रकाशित मजकूर दिसत असतो, तेव्हा तो फोटो आपण कशासाठी वापरणार आहोत हे सांगून लेखी संमती घ्यावी. पुढे साधनातल्या बदलांना मंजुरी देणाऱ्या समितीपुढे हे फोटो ठेवताना पहिला प्रश्न संमतीचाच आला, आणि ती हाताशी असल्याने काम अडले नाही.

जुलै आणि ऑगस्टमध्ये मी ते फोटो एका तक्त्यात लावत गेले. साधनाकडे पुष्कळ इशारे असले तरी गोंधळ मोजक्या तीन-चारांभोवतीच होत होता, आणि त्यांतले दोन इथे जवळून दाखवण्यासारखे आहेत.

पहिला इशारा युनिकोडमधल्या पर्यायी रूपांचा. ‘दऱ्या’मधला आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो: साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक, किंवा ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲ’चेही तसेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्यापूर्वी अ वर अर्धचंद्र देऊन काम भागवले जाई आणि तशा फाइली आजही भरपूर आहेत. अर्धवट रूपांतर झालेल्या फाइलींत ही मिश्र रूपे आढळली की आमचे साधन ती एकसारखी करते. हे चांगलेच काम आहे. पण ते करताना साधन प्रत्येक जागेसाठी एक पिवळी ओळ इंग्रजीत छापत असे, आणि एका मोठ्या कथेत अशा शेकडो ओळी येत. वाचणाऱ्याला त्या शेकडो चुका वाटत.

दुसरा इशारा खरोखर गंभीर होता. काही फाँटांच्या तक्त्यांत एकाच क्रमांकावरचा आकार रफारही असू शकतो आणि आडवा अर्धा रही, आणि आजूबाजूची अक्षरे पाहूनही साधनाला निर्णय करता येत नाही. अशा वेळी ते रफार धरून पुढे जात असे आणि ‘संदिग्ध ग्लिफ, मूलभूत पर्याय वापरला’ या अर्थाची एक इंग्रजी ओळ छापत असे. याचा परिणाम काय होतो? ‘आचाऱ्यांना बोलावले’ हे ‘आचार्यांना बोलावले’ होते. स्वयंपाक्याच्या जागी गुरुजी येतात, वाक्य व्याकरणाने शुद्ध राहते आणि मुद्रितशोधकाच्याही नजरेतून सुटते. ही ओळ त्याच पिवळ्या रंगात, त्याच ठशात, त्या शेकडो निरुपद्रवी ओळींच्या मधोमध येत असे. ती कोणी वाचत नव्हते, आणि त्यात वाचणाऱ्याचा काही दोष आहे असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. इतके निरर्थक इशारे दाखवल्यावर खरा इशारा वाचला जाईल ही अपेक्षाच चुकीची होती.

इथवर सगळे घरी बसून झाले. सप्टेंबरमध्ये मी प्रत्यक्ष लोकांशेजारी बसायचे ठरवले. एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात डीटीपी करणाऱ्या एका काकांनी होकार दिला. नंतर त्यांच्या ओळखीने आणखी काही जण मिळाले. खर्च फार झाला नाही. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे प्रवास स्वस्तात झाला. झेरॉक्स आणि किरकोळ खर्च धरून सगळे मिळून काही हजारांत भागले. मात्र ज्या संस्थेच्या आश्रयाने हे साधन चालते तिच्या नियमाप्रमाणे प्रवासखर्चाची परवानगी निघण्याआधी घ्यावी लागते आणि मूळ तिकिटे जोडावी लागतात. तुमच्या संस्थेचा नियम काय आहे हे पहिल्या फेरीआधीच लेखनिकाला विचारून घ्यावे.

शेजारी बसण्याचा नियम मी एकच ठेवला होता: समोरच्याने विचारले तरी लगेच मदत करायची नाही, ‘तुम्हाला काय वाटतंय, ते मोठ्याने सांगत राहा’ एवढेच म्हणायचे. हे फार जड जाते. ग्रंथपाल बाईंनी एकाच फाइलीवर तीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवली, कारण दर वेळी पिवळे काही येणार नाही अशी त्यांना आशा होती. ‘अहो, मी काहीतरी चुकीचं दाबतेय ना?’ असे त्या म्हणाल्या तेव्हा गप्प बसणे मला अवघड गेले. त्यांचे काहीही चुकत नव्हते. रूपांतर पहिल्याच वेळी पूर्ण झाले होते.

काकांकडे दुसरीच गोष्ट दिसली. ते वरच्या ओळींकडे पाहतही नव्हते. त्यांची नजर थेट शेवटच्या ओळीवर जाई. ‘वरचं सगळं मशीनचं बोलणं. आपल्यासाठी असेल ते शेवटी येतं,’ असे त्यांनी मला सांगितले. पुढचे सगळे काम मी या एका वाक्याच्या आधाराने केले, कारण इतरांकडेही नंतर हेच दिसत राहिले. आमची शेवटची ओळ तेव्हा होती प्रक्रियेला किती मिलिसेकंद लागले याची.

आणखी एक अडचण पाहिल्याशिवाय समजली नसती. आमच्या मनात होते की संदेश मराठीत केले की अर्धे काम होईल. पण काळी खिडकी प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देते, आणि देवनागरीतली जोडाक्षरे व मात्रा त्या चौकटीत बसत नाहीत. वाचनालयातल्या जुन्या संगणकावर मराठी ओळ आली ती मात्रा सुट्या पडलेली, मधे मधे रिकाम्या चौकटी असलेली. मराठीत संदेश द्यायचे तर ते केवळ पडद्यावर देऊन चालणार नाही, हे तिथेच स्पष्ट झाले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी प्रस्ताव दिला. प्रस्तावाचा नमुना ठरलेला आहे: जुना संदेश, नवा संदेश, कारण, कोणावर परिणाम होईल, कोणत्या चाचण्या बदलतील. मला वाटले होते की संदेशाचे शब्द बदलणे ही किरकोळ बाब आहे आणि ती लगेच मंजूर होईल. समितीने तो परत पाठवला, आणि त्यामागचे कारण योग्य होते. काही छापखान्यांनी रोजच्या कामासाठी छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे साधन आपोआप चालवणारे छोटे प्रोग्रॅम, लिहिल्या आहेत आणि त्या आमच्या इशाऱ्यातले ठरावीक इंग्रजी शब्द शोधून पुढचा निर्णय घेतात. शब्द बदलले तर त्या स्क्रिप्ट एका रात्रीत बंद पडतील, त्याही दिवाळी अंकांच्या ऐन हंगामात. ‘कोणावर परिणाम होईल’ या रकान्यात मी फक्त नवख्या वापरकर्त्यांचा विचार मांडला होता; समितीला जुन्या वापरकर्त्यांसाठीची तजवीजही लेखी हवी होती. दिवाळी त्या वर्षी १२ नोव्हेंबरला होती आणि समितीतले निम्मे लोक छपाईच्या कामात असल्याने पुढची बैठक नोव्हेंबरअखेरीपर्यंत होणार नव्हती.

त्या मधल्या काळात इतर साधनांनी हे कसे केले आहे ते मी वाचून काढले, आणि ज्यांना घाई आहे त्यांनीही हा भाग टाळू नये असे मला वाटते. गिट या, फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ओळींच्या शेवटाच्या खुणा बदलण्याविषयी एक इशारा अनेक वर्षे होता: अमुक फाइलीत एलएफ या खुणेच्या जागी सीआरएलएफ ही खूण येईल, आणि तुमच्या कामाच्या फोल्डरात फाइलीच्या मूळ खुणा तशाच राहतील. ही दोन वाक्ये एकमेकांच्या विरुद्ध वाटत; बदल कधी होणार आणि कुठल्या प्रतीत, ते कळत नसे. जून २०२२ मध्ये आलेल्या २.३७ या आवृत्तीत त्या इशाऱ्याचे एकच वाक्य झाले: कामाच्या प्रतीत हा बदल गिट त्या फाइलीला पुढच्या वेळी हात लावेल तेव्हा होईल. वागणे तेच, पण ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ वाक्यात आल्याबरोबर अर्थ लागतो.

गिटचेच दुसरे उदाहरण मला त्याहून महत्त्वाचे वाटले. जून २०२० मधल्या २.२७ आवृत्तीपासून ‘पुल’ करताना, म्हणजे दुसरीकडचे बदल आपल्या प्रतीत आणताना, ते मर्ज करून आपल्या बदलांशी जोडायचे की रीबेज करून आपले बदल त्यांच्या पुढे लावायचे हे ठरवलेले नसेल तर एक लांबलचक इशारा येऊ लागला, आणि तो ज्यांच्या इतिहासात काही फाटाच फुटलेला नाही अशांनाही येत असे. पुढे तो खरी निवड करायची वेळ असेल तेव्हाच दाखवला जाऊ लागला, आणि ऑगस्ट २०२१ मधल्या २.३३ मध्ये तशा वेळी साधन सरळ थांबून विचारू लागले. आमच्या संदिग्ध र चे उत्तर मला इथे सापडले. ज्या निर्णयाने अर्थ बदलतो तो निर्णय साधनाने गुपचूप घेऊन वर इशारा देणे पुरेसे नाही.

दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडून देणाऱ्या ओपनएसएसएचचा सर्व्हरची ओळख बदलल्याचा इशारा भीतिदायक आहे आणि तो तसाच असायला हवा. पण त्यातही, किल्ली साधेपणाने बदललेली असू शकते हे सांगितलेले असते आणि कोणत्या फाइलीच्या कितव्या ओळीत जुनी किल्ली आहे ते लिहिलेले असते. याउलट मजकूर एका अक्षरसंकेतातून दुसऱ्यात नेणाऱ्या आयकॉन्व्हचा संदेश अमुक क्रमांकाच्या बाइटवर अवैध क्रम आहे, एवढेच सांगतो. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या, युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट घेते. तेव्हा आठ-नऊ हजाराव्या बाइटवर कोणता शब्द आहे हे ग्रंथपालाने कसे शोधायचे? आम्ही त्याच क्षणी ठरवले की जागा सांगताना तो शब्द आणि त्याच्या आजूबाजूचे दोन-तीन शब्द दाखवायचेच.

नोव्हेंबरअखेरच्या बैठकीत सुधारित प्रस्ताव तत्त्वतः मान्य झाला. त्यात तीन अटी होत्या: जुने संदेश मागून घेता येतील असा पर्याय निदान दोन आवृत्त्या ठेवायचा, प्रत्येक इशाऱ्याला न बदलणारा क्रमांक द्यायचा, म्हणजे स्क्रिप्टने पुढे शब्दांऐवजी क्रमांक शोधावा, आणि साधन संपताना परत देते तो निकालाचा आकडा आधी होता तोच ठेवायचा. तिन्ही अटी मला पटल्या. स्क्रिप्ट लिहिणारा आणि संदेश वाचणारा या दोघांसाठी एकच ओळ वापरणे हेच मुळात गोंधळाचे कारण होते.

डिसेंबर आणि जानेवारी प्रत्यक्ष लिहिण्यात गेले. निरुपद्रवी दुरुस्त्यांच्या शेकडो ओळींची जागा आता शेवटच्या एका ओळीने घेतली: ‘एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे ३४० ठिकाणी एकसारखी केली. मजकुराच्या अर्थात किंवा दिसण्यात फरक नाही. काही करण्याची गरज नाही.’ हे तिसरे वाक्य समितीतल्या एका सदस्याला अनावश्यक वाटले होते. मी ते राखण्याचा आग्रह धरला, कारण काही करायचे नाही हे स्पष्ट सांगितले नाही तर माणूस काहीतरी करायला जातो. ग्रंथपाल बाईंच्या शेजारी बसून मी तेच पाहिले होते.

संदिग्ध र चा नवा संदेश असा झाला: ‘६ शब्दांत रफार हवा की ऱ्य, हे ठरवता आले नाही. पहिला शब्द ओळ २१२ मध्ये आहे: “सकाळीच [आचार्यांना / आचाऱ्यांना] बोलावले”. या सहा जागी दोन्ही रूपे कंसात ठेवली आहेत. त्यांपैकी योग्य ते ठेवून दुसरे पुसा. तुमची मूळ फाइल जशीच्या तशी आहे.’ कंसातली जोडी तशीच छापली गेली तर वाईट दिसेल, अशी हरकत आली. मला मात्र तोच तिचा फायदा वाटतो. वाईट दिसणारी जागा मुद्रितशोधकाला दिसते आणि दुरुस्त होते. शुद्ध दिसणारी चुकीची जागा पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथात राहते. अखेर, ज्यांना जुनी पद्धत हवी त्यांच्यासाठी ती पर्याय म्हणून ठेवून हे मान्य झाले.

रंगांचा निर्णय लवकर झाला. पिवळा रंग फक्त माणसाने पाहण्याच्या जागांसाठी राखला. संदेश फाइलीत वळवलेले असतील किंवा वापरकर्त्याने ‘नो कलर’ हे, रंग नको असे साधनांना सांगणारे सर्वमान्य चल (सेटिंग) ठेवले असेल तर रंग वापरायचाच नाही. आणि रंगाशिवायही अर्थ कळेल असा शब्द ओळीच्या आरंभी ठेवायचा.

भाषांतराच्या यंत्रणेत मात्र अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला. जुना संकेत वाक्याचे तुकडे जोडून संदेश बनवत असे: आकडा, मग नाम, मग क्रियापद. मराठीत ओळ सापडली, ओळी सापडल्या, शब्द सापडला, शब्द सापडले अशी रूपे बदलतात, त्यामुळे तुकडे जोडून कधीच नीट वाक्य होत नाही. प्रत्येक संदेश पूर्ण वाक्य म्हणून गेटटेक्स्ट या संदेशांच्या भाषांतराच्या यंत्रणेकडे द्यावा लागला, एकवचन आणि अनेकवचन वेगळे लिहावे लागले आणि आकड्यांच्या जागांना नावे द्यावी लागली, म्हणजे भाषांतरकाराला क्रम बदलता येतो. तुमचे साधन आज फक्त इंग्रजीत बोलत असले तरी हे आधीच करून ठेवावे. नंतर करताना चाचण्यांसकट सगळे उसवावे लागते.

मराठी मोडून दिसण्यावर तोडगा असा काढला की पडद्यावर थोडक्यात, साधा सारांश द्यायचा आणि पूर्ण मराठी अहवाल रूपांतरित फाइलीशेजारी, त्याच नावाच्या मजकूर फाइलीत लिहायचा. तो नोटपॅडमध्ये उघडला की जोडाक्षरे व्यवस्थित दिसतात. पहिल्या नमुन्यात अहवाल वेगळ्या फोल्डरात जात होता. जानेवारीअखेर पुन्हा लोकांशेजारी बसले तेव्हा तो कोणी उघडलाच नाही. रूपांतरित फाइलीला लागून ठेवल्यावर तो सगळ्यांना सापडला. काकांनी सारांशाची शेवटची ओळ वाचली, अहवाल उघडला, कंसातल्या जागा शोधून एकेक दुरुस्त करत गेले आणि मधेच मला म्हणाले, ‘हे बघा, हा शब्द मागच्या अंकात चुकीचा छापलाय आम्ही.’ ते पुढे काही बोलले नाहीत. त्यांनी मागच्या अंकाची फाइल काढून तीही साधनातून घालायला घेतली.

फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ तपासणीचा होता आणि मानसिकदृष्ट्या तोच सर्वांत कंटाळवाणा गेला. तांत्रिक तपासणीत चाचण्यांवर प्रश्न आले. भाषेच्या तपासणीत शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या आल्या आणि ‘तुमची फाइल’ असे थेट बोलावे की ‘सदर फाइल’ असे लिहावे यावर लेखी देवाणघेवाण झाली. मी फोटोंच्या तक्त्यातले प्रश्न जोडून पाठवले: लोक ‘माझी फाइल’ असेच विचारतात, तर उत्तरही ‘तुमची फाइल’ असे असावे. ते मान्य झाले. या काळात कित्येक आठवडे कोणाचेच उत्तर येत नसे. आठवण करून देताना मी दर वेळी नेमका कोणता प्रश्न कोणाकडे अडला आहे ते एका ओळीत लिहीत असे. नुसते ‘काही प्रगती?’ असे विचारण्यापेक्षा त्याने काम लवकर हलते. तपासणाऱ्यांपैकी बहुतेक जण नोकरी सांभाळून हे करतात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

मे महिन्यात अंतिम मंजुरी मिळाली आणि जूनमध्ये आवृत्ती निघाली. दोन दिवसांतच एका छापखान्यातून फोन आला की त्यांची स्क्रिप्ट थांबली आहे. जुन्या संदेशांचा पर्याय त्यांच्या आज्ञेत जोडून दिल्यावर ती लगेच सुरू झाली, आणि क्रमांक वापरणारी नवी स्क्रिप्ट त्यांनी पुढच्या काही आठवड्यांत लिहून घेतली. नोव्हेंबरमध्ये समितीने घातलेली अट किती आवश्यक होती, ते त्या फोनने दाखवले.

शंका अजूनही येतात, पण त्यांचा रोख बदलला आहे. आता लोक अहवालातली ओळ पाठवून विचारतात की या वाक्यात ‘दर्या’ असेल की ‘दऱ्या’, आणि जुन्या छापील प्रतीचा फोटो सोबत जोडतात. त्याचे उत्तर साधनाजवळ नसते. ते वाक्य वाचूनच द्यावे लागते, आणि अशा शंकांना उत्तरे देणे मला मनापासून आवडते.

एक काम शिल्लक आहे. फाइलीसाठी चुकीच्या फाँटाचे नाव दिले तर साधन आपला अंदाज ०.४१ अशा दशांशात सांगते, आणि त्या आकड्यावरून कोणालाही काही बोध होत नाही. तिथे साधनाने पहिल्या तीन ओळी रूपांतरित करून दाखवाव्यात आणि ‘हे मराठी वाचता येते आहे का?’ असे विचारून थांबावे, असा प्रस्ताव मी तयार केला आहे. त्यात ‘कोणावर परिणाम होईल’ हा रकाना सर्वांत आधी भरला असून, रात्रभर आपोआप चालणाऱ्या कामांत प्रश्न विचारून साधन अडकून पडू नये म्हणून काय करायचे, ते ठरवण्यासाठी दोन छापखान्यांकडून त्यांच्या स्क्रिप्ट मागवल्या आहेत. त्या आल्या की प्रस्ताव पुढच्या बैठकीत ठेवायचा आहे.